झेंडूचा गारवा

बाईंसमोर "आज काय उकडतंय!" असं म्हणायची सोय नव्हती. मुंबईत दोन माणसं भेटली की एकाने हे वाक्य म्हणायचं आणि दुसऱ्याने "विचारू नका" म्हणून मान हलवायची, एवढा साधा शिष्टाचार आहे. बाई तो पाळत नसत. त्या चालता चालता थांबत, डोक्यावरची छत्री जरा मागे कलती करत आणि विचारत, "कुठे?"

"कुठे म्हणजे? सगळीकडेच."

"सगळीकडे असं काही नसतं. आत्ता आलात कुठून?"

माणूस बिचारा सांगे, वाचनालयाकडून. मग बाई त्याला त्याने कसं यायला हवं होतं ते सांगत. वाचनालयाच्या मागच्या भिंतीला धरून, रसायनशास्त्राच्या कमानीखालून, मग सायकलींच्या शेडच्या डाव्या अंगाने. सकाळी डाव्या, दुपारनंतर उजव्या. याने अंतर दुप्पट होतं, अशी कोणी शंका काढली तर म्हणत, "अंतर पायांना लागतं, ऊन डोक्याला. तुम्हाला यातलं काय जपायचंय ते ठरवा."

पुष्कळ लोक पायही जपत नाहीत आणि डोकंही, असं मला तेव्हा वाटायचं. पण ते बाईंना सांगितलं असतं तर त्यांनी त्याचाही नकाशा काढला असता.

आमचं विद्यापीठ पवईच्या पुढे, एका बाजूला टेकडी आणि उरलेल्या तीन बाजूंना टॉवर अशा जागी आहे. बाई तिथे भूगोल शिकवत, मी इतिहास. विद्यापीठातल्या बाकी सगळ्या बायका 'मॅडम' होत्या, मीसुद्धा. त्या एकट्या 'बाई'. हे कधी ठरलं, कोणी ठरवलं, याचा पुरावा इतिहास विभागालाही सापडलेला नाही. सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि हातात पुरुषी दांड्याची भलीमोठी काळी छत्री, जिच्यावर त्यांनी स्वतः पांढऱ्या कापडाचा अभ्रा शिवून चढवला होता. पावसाळा आला की ही छत्री कपाटात जाई आणि बाई रेनकोट घालून येत. "छत्री उन्हासाठी असते. पावसात वापरली की कापड खराब होतं," असं त्या इतक्या सहज सांगत की ऐकणाऱ्याला आपणच आजवर उलट वागत आलो असं वाटावं.

आम्ही दोघी मुलुंडच्या. त्यामुळे रिक्षा एकच. रिक्षात कोणी कुठल्या बाजूला बसायचं ते सूर्य ठरवायचा, म्हणजे बाईच ठरवायच्या, सूर्याचं नाव पुढे करून. रिक्षावाल्यालाही सुटका नव्हती. सिग्नलला त्याने रिक्षा उन्हात थांबवली की मागून आवाज येई, "अरे भाऊ, दोन हात मागे घे ना. त्या टेम्पोची सावली फुकट चाललीय."

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ते मे महिन्यात. दार उघडंच होतं, आत कोणी नव्हतं. मी हाक मारली तर उत्तर वरून आलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधे जिना वळतो, त्या चौकोनात दोन घडीच्या खुर्च्या मांडून बाई आणि त्यांचे यजमान चहा पीत बसले होते. जाळीच्या खिडकीतून वारा येत होता. वरचे शेजारी पिशव्या घेऊन चढत होते आणि जराही न बिचकता "जरा पाय घ्या, काका" म्हणून पुढे जात होते.

"इमारतीतली सगळ्यात थंड जागा ही," बाई म्हणाल्या. "बिल्डरने चुकून बांधली. बस."

"बस गं," यजमानही म्हणाले. ते बँकेतून निवृत्त झालेले, फार सोशिक गृहस्थ. "घर आत आहे, पण ते आम्ही नोव्हेंबरनंतर वापरतो."

मग त्यांनी मला घर दाखवलं. पलंगाला चाकं होती. बाई ऋतूप्रमाणे तो या भिंतीकडून त्या भिंतीकडे ढकलत. "लग्न झाल्यापासून मी एका भिंतीशी सलग सहा महिने झोपलेलो नाही," यजमान म्हणाले. "मध्यंतरी झोपेत उठून भिंतीवर आपटलो. ही म्हणाली, वेळापत्रक फ्रिजवर लावलंय, वाचत का नाहीस?"

"मग चूक कोणाची?" बाईंनी मला विचारलं. मी इतिहासाची असल्यामुळे अशा प्रश्नांवर दोन्ही बाजूंची साधनं पाहिल्याशिवाय बोलत नाही. चहा घेतला.

विद्यापीठाच्या फाटकावर एक मोठी विजेची पाटी होती. तिच्यावर विद्यापीठाचं बोधवाक्य, कुलगुरूंचं नाव आणि तापमान हे आलटून पालटून झळकायचं. पहिल्या दोन गोष्टींबद्दल मला काही म्हणायचं नाही. तापमान मात्र कायम सुखद असे. बाहेर डांबर चपलांना चिकटत असलं तरी पाटीवर जणू माघ महिना. कारण त्या पाटीला जोडलेला तापमापक प्रशासकीय इमारतीसमोरच्या कारंज्यापाशी, हिरवळीवर, कुंड्यांच्या मधोमध बसवलेला होता. तिथे खरोखरच तेवढं तापमान असे. फक्त तिथे कोणी माणूस नसे; हिरवळीवर जायला मनाई होती.

बाई रोज सकाळी पाटीसमोर थांबत आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारत, "काय, आज पण महाबळेश्वर?"

"होय बाई, आज पण," तो कपाळावरचा घाम पुसत म्हणे.

पिशवीला अडकवायचे छोटे सेन्सर बाईंच्या आयुष्यात आले ते याच पाटीच्या रागातून. संशोधनासाठी निधी मिळाला तेव्हा त्यांनी हवामानाचं मोठं केंद्र वगैरे काही मागितलं नाही. त्यांनी पेढ्याच्या खोक्याएवढी यंत्रं घेतली. उपड्या बशा एकावर एक रचाव्यात तशी पांढरी चवड, तिच्या आत हवेचं तापमान आणि दमटपणा मोजायची सोय, आणि बाजूला दांडीवर एक छोटा काळा गोळा. तो टेबलटेनिसचा चेंडू होता. बाईंनी स्वतः रंगवलेला. ऊन आणि तापलेल्या भिंती माणसाला किती भाजतात ते त्या गोळ्यावरून कळे. यंत्र पिशवीच्या पट्ट्याला अडकवायचं आणि आपापल्या कामाला जायचं. तुम्ही जिथे जाल तिथली नोंद आपोआप नकाशावर पडे. गार जागा निळी, मग पिवळी, नारिंगी, लाल, आणि त्याहीपुढे एक वांग्याचा रंग होता.

"एका जागी ठेवलेला तापमापक त्या जागेचं सांगतो," बाई म्हणत. "माणसं एका जागी बसत नाहीत."

विद्यापीठात याला काही अपवाद होते, पण सर्वसाधारणपणे ते खरं होतं.

मग त्यांनी यंत्रं वाटली. विद्यार्थ्यांना, माळ्यांना, पहारेकऱ्याला, परीक्षा विभागात खेटे घालणाऱ्या कारकुनांना. मलाही एक मिळालं. मी म्हटलं, "बाई, माझा काय उपयोग? मी हळू चालते."

"म्हणूनच. तुम्हा इतिहासवाल्यांना घाई नसते. सगळं होऊन गेलेलं असतं."

पहिले काही दिवस मजेचे गेले. काळा गोळा पाहून निम्म्या लोकांची खात्री पटली की तो नजर लागू नये म्हणून आहे. प्रयोगशाळेतले सहायक, ज्यांना सगळे मामा म्हणत, ते मूळचे मालवणकडचे. त्यांनी तर गोळ्याला हात लावून नमस्कारच केला. संख्याशास्त्राचे एक प्राध्यापक रोज भर दुपारी मैदान ओलांडत आणि त्यांच्या वाटेवर नकाशात एक गार रेघ उमटे. बाई बुचकळ्यात पडल्या. जमिनीखाली पाण्याची वाहिनी आहे का, याची चौकशी झाली. शेवटी कळलं की प्राध्यापकमहाशय यंत्र डब्याच्या पिशवीत, ताकाच्या बाटलीला टेकवून नेत. "यंत्राला ऊन लागू नये म्हणून," त्यांनी खुलासा केला.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चांगला माणूस आहे. विषय चुकला."

आता करंजांबद्दल सांगायला हवं, कारण बाईंचं सगळं नाटक शेवटी करंजांपाशी जाऊन थांबतं.

प्रशासकीय इमारतीसमोर बसथांबा आहे आणि थांब्याच्या मागे जुन्या करंजांची एक ओळ. दाट, बुटकी, रुंद झाडं. त्यांच्याखाली बसची वाट पाहणारी मुलं, डबे खाणारे कर्मचारी, प्रवेशासाठी आलेल्या मुलांचे आईबाप, सगळे. विद्यापीठाने ठरवलं की तिथे एक भव्य 'स्वागतप्रांगण' करायचं. चकचकीत ग्रॅनाईटची फरशी, आणि विद्यापीठाच्या नावाची माणसाहून उंच अक्षरं, जेणेकरून लोक त्यांच्यापुढे उभे राहून फोटो काढतील. पहिल्या टप्प्यात रस्त्याच्या अलीकडची जागा फरशीखाली गेली. दुसऱ्या टप्प्यात पलीकडची जायची होती, म्हणजे करंज. ते काम मे महिन्यात, सुट्टीत, कोणी नसताना.

या प्रांगणाचे जनक आमचे कुलसचिव. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना फक्त उद्घाटनं आवडायची. खुर्चीचा त्यांना मोह नव्हता. खुर्चीवर घातलेल्या पांढऱ्या कव्हराचा होता. विद्यापीठात बाईंना 'मॅडम' म्हणणारे ते एकटेच.

बाईंनी ठरवलं की भांडायचं नाही, दाखवायचं. अलीकडे फरशी, पलीकडे करंज. दोन्हीकडे माणसं फिरवायची आणि नकाशा समोर ठेवायचा. ऑक्टोबरचं ऊन त्यासाठी उत्तम. सगळं ठरलं, वाटा आखल्या, आणि नेमक्या त्या दिवशी बाईंना नाशिकला परीक्षक म्हणून जावं लागलं. "मुलं आहेत, मामा आहेत, तू आहेस. होईल," असं म्हणून त्या गेल्या. मी मात्र त्या दिवशी रजेवर होते, हे माझं भाग्य.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. दसऱ्याला सुट्टी, म्हणून प्रयोगशाळेतली शस्त्रपूजा आदल्या दिवशी. मामा दरवर्षी सूक्ष्मदर्शकांपासून झेरॉक्सच्या यंत्रापर्यंत सगळ्यांना हळदकुंकू वाहत. या वर्षी नवी यंत्रं आली होती. मामांनी प्रत्येकाला झेंडूचा छोटा हार घातला, अगदी बशांच्या चवडीला आणि काळ्या गोळ्याला वेढे देऊन, घट्ट. फुलं सुकू नयेत म्हणून वरून पाणी शिंपडलं. मुलं यंत्रं न्यायला आली तेव्हा हार काढायचा प्रश्न निघाला. त्याच दिवशी हार उतरवणं बरं नव्हे, यावर सर्वांचं एकमत झालं. उलट निघताना मामांनी प्रत्येकाला पुन्हा एकदा पाणी मारून दिलं.

आणि अशी ती सगळी वरात ग्रॅनाईटवरून फिरली. करंजांकडची फेरी काही झालीच नाही. पूजेचा प्रसाद वाटायला उशीर झाला होता.

त्या दुपारी विद्यापीठाच्या मोठ्या पडद्यावर जो नकाशा उमटला तो पाहून कुलसचिवांना भरून आलं. त्यांचं प्रांगण निळंशार दिसत होतं. तेव्हाच बाहेरून काही पाहुणे 'हरित परिसर' पाहायला आलेले. कुलसचिवांनी त्यांना पडद्यासमोर उभं करून फोटो काढला, नकाशा मोठा छापून घेतला, त्याला सोनेरी चौकट केली आणि आपल्या दालनात टांगला. खाली ठळक अक्षरांत बाईंचं नाव.

बाई परत आल्या, त्यांनी तो नकाशा पाहिला आणि सरळ प्रयोगशाळेत गेल्या. मीही मागोमाग गेले. त्यांनी एक यंत्र उचललं, उलटसुलट केलं आणि बशांच्या फटीतून दोन बोटांनी एक केशरी पाकळी बाहेर काढली.

"मामा, हे काय?"

"पूजा केलंय बाईनूं. वर्षाचो सण."

"हार घालूनच फिरवली?"

"मगे? त्याच दिवशी काढतत काय?"

"आणि पाणी?"

"तर काय! फुला सुकतत ना."

बाई खुर्चीत बसल्या आणि इतक्या हसल्या की मामा घाबरून पाणी घेऊन आले. डोळे पुसत मला म्हणाल्या, "अगं, ओलं फडकं गुंडाळलं की माठ गार होतो ना? या माणसाने माझ्या प्रत्येक यंत्राचा माठ केला."

"मगे गार लागला मां?" मामांनी उत्साहाने विचारलं.

"फार गार लागलं, मामा. वाट लागली माझी."

कुलसचिवांकडे आम्ही दोघी गेलो. चौकट त्यांच्या डोक्यामागे होती.

"सर, तो नकाशा उतरवा. तो चुकलाय," बाई म्हणाल्या.

"असं कसं, मॅडम? तुमच्याच विभागाचा आहे. खाली तुमचं नाव आहे."

"तो निळा रंग झेंडूचा आहे."

कुलसचिवांनी चष्मा काढून पुसला. "झेंडू केशरी असतो, मॅडम," ते अतिशय सौम्यपणे म्हणाले.

बाईंनी त्यांना माठ समजावून सांगितला. पुन्हा फेऱ्या काढल्या, हार न घालता. नवे नकाशे नेऊन दिले. त्यांत प्रांगण वांग्याच्या रंगाचं होतं आणि करंजांची ओळ निळी. कुलसचिवांनी ते ठेवून घेतले आणि एक समिती नेमली. समितीची बैठक वातानुकूलित खोलीत झाली. बाई तिथे शाल पांघरून गेल्या. समितीने निष्कर्ष काढला की सर्व नकाशे एकाच विभागाचे असल्यामुळे त्यांतला विद्यापीठाला अधिक अनुकूल असलेला ग्राह्य धरावा.

त्या दिवशी रिक्षात बाई भलत्याच बाजूला, उन्हात बसल्या. पवईचा तलाव मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "माझं नाव आहे गं त्याच्याखाली. त्या नकाशाच्या जोरावर करंज गेले, तर ते मीच तोडले असं होईल."

"लोकांना माहीत आहे, बाई."

"लोकांना आज माहीत आहे. झाडं गेल्यावर चौकट तेवढी राहील. आणि एप्रिलअखेर मी निवृत्त. मे महिन्यात कुऱ्हाड पडेल तेव्हा मला फाटकातून आत यायला सुद्धा सही करावी लागेल."

गांधीनगरच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मीच रिक्षावाल्याला म्हटलं, "भाऊ, जरा मागे घे ना, टेम्पोची सावली आहे." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "शिकतेयस," म्हणाल्या.

निरोप समारंभ ही आमच्याकडची अटळ गोष्ट. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि भाषणं. निवृत्त होणाऱ्याला एवढंच विचारतात, की मोठं सभागृह की छोटं. कुलसचिवांनी बाईंना बोलावून अगत्याने विचारलं.

"सभागृह नको," बाई म्हणाल्या. "नव्या प्रांगणात करू या. काय सुंदर झालंय!"

कुलसचिवांना हे अपेक्षित नव्हतं. ते खरोखर हेलावले. "म्हणजे शेवटी तुम्हालाही आवडलं तर, मॅडम! संध्याकाळी ठेवू. दिवे लावू."

"संध्याकाळी नको. लोकांना घरी जायचं असतं. दुपारी ठेवू, जेवणाआधी."

"दुपारी... मग मांडव घालावा लागेल."

"मांडव?" बाईंनी त्यांच्या डोक्यामागच्या चौकटीकडे पाहिलं. "मांडव कशाला? तो भाग निळा आहे ना."

कुलसचिवांनीही वळून चौकटीकडे पाहिलं. आपल्याच दालनात, आपल्याच भिंतीवर, सोनेरी कडेत. त्यांना 'नाही' म्हणता येईना.

आणखी एक विनंती बाईंनी केली. पाहुण्यांना फुलांऐवजी त्या एकेक सेन्सर लावणार. प्रत्येकाचं नाव मोठ्या पडद्यावर, नकाशात, ठिपक्याशेजारी दिसेल. आपलं नाव मोठ्या पडद्यावर दिसणार म्हटल्यावर नाही म्हणणारा प्राध्यापक मी अजून पाहिलेला नाही.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी भर दुपारी आम्ही त्या फरशीवर जमलो. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मंच, मंचावर पांढऱ्या कव्हरांच्या खुर्च्या, समोर तशाच खुर्च्यांच्या रांगा, बाजूला पडदा. वरून सूर्य, खालून ग्रॅनाईट. बाईंनी सगळ्यांना स्वतः यंत्रं लावली, फक्त स्वतःला आणि मला सोडून. कुलसचिवांना लावताना म्हणाल्या, "थोडं वर घेऊ, सर. हृदयाजवळ." मामा शेजारी उभे होते. त्यांना बाईंनी सकाळीच बजावलं होतं की आज फूल दिसलं तर खैर नाही.

मग शाली. मंचावरच्या प्रत्येकाला एक, लोकरीची. कुलगुरूंनी ती सभ्यपणे खांद्यावर राहू दिली. बाईंनी आपली शाल घडी करून खुर्चीवर घातली, तिच्यावर बसल्या आणि छत्री उघडली.

कुलसचिव बोलायला उठले. त्यांनी विद्यापीठाच्या स्थापनेपासून सुरुवात केली. पडद्यावर त्यांचा ठिपका नारिंगी होता. ते दुसऱ्या कुलगुरूंच्या कारकिर्दीपर्यंत आले तेव्हा तो लाल झाला. शेवटच्या रांगेतले चारदोन ठिपके हलले आणि रस्ता ओलांडून करंजांकडे निघाले. तिथे पोचताच ते पिवळे झाले, मग हळूहळू हिरवट निळे. हे पडद्यावर सर्वांना दिसत होतं. मग मधली रांग उठली. कोणी फोन कानाला लावून, कोणी चप्पल शोधत असल्यासारखं खाली वाकून. संख्याशास्त्राचे प्राध्यापक मात्र उघड उघड चालत गेले. त्यांच्याकडे ताक होतं.

ताक खरं तर सगळ्यांसाठीच होतं. करंजांखाली बाईंनी एक पिंप ठेवलं होतं. लोक सावलीसाठी नव्हे, ताकासाठी गेले, असा आक्षेप नंतर समितीतल्या एका सदस्याने घेतला. बाईंनी शांतपणे दाखवून दिलं की तसंच दुसरं पिंप मंचाच्या शेजारी होतं. ते भरलेलं परत गेलं.

कुलसचिवांचं भाषण चालूच होतं. श्रोते रस्त्यापलीकडून, करंजांखालून, योग्य जागी टाळ्या वाजवत होते. शेवटी कुलगुरू उठले, "एक मिनिट हं" म्हणाले, शाल काखेत मारली आणि चालू लागले. त्यांच्या मागोमाग मंचावरचे बाकीचे. पडद्यावर ठिपक्यांची एक मिरवणूक वांग्याच्या रंगातून निळ्याकडे गेली. कोणी आखून दिलेली नव्हती, पण वाट सगळ्यांची एकच.

मंचावर उरलो आम्ही तिघं. छत्रीखाली बाई, छत्रीच्या उरलेल्या सावलीत मी, आणि माईकसमोर कुलसचिव. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम भाषणाच्या कागदावर टपकत होता आणि तिसऱ्या कुलगुरूंची कामगिरी त्यात विरघळत होती. त्यांनी मागे वळून पाहिलं. मग पडद्याकडे. तिथे सगळ्या विद्यापीठाची नावं एका जागी गर्दी करून होती आणि फरशीवर एकच जांभळा ठिपका, त्यांच्या स्वतःच्या नावाचा.

"मॅडम," ते म्हणाले, "आपण जरा तिकडे जाऊ या का?"

बाईंनी छत्री किंचित मागे कलती केली.

"कुठे?"

माईक चालू होता. रस्त्यापलीकडच्या सगळ्या माना मंचाकडे वळल्या.

"तिकडे," कुलसचिव म्हणाले. मग जरा थांबून, अगदी साध्या आवाजात, "झाडांखाली."

एवढ्या टाळ्या त्यांच्या कुठल्याही भाषणाला पडल्या नव्हत्या. बाई उठल्या, छत्री कुलसचिवांच्या डोक्यावर धरली आणि दोघं एका छत्रीतून रस्ता ओलांडून गेले. मी मागून उन्हातून गेले. इतिहासवाल्यांना घाई नसते.

करंजांखाली कुलगुरू ताक पीत पडद्याकडे पाहत होते. "तुमच्या दालनातला तो नकाशा आणि हा, दोन्ही एकाच जागेचे का?" त्यांनी विचारलं.

"होय सर," कुलसचिव घाम पुसत म्हणाले. "पण तो दसऱ्याचा आहे."

नंतर दुसऱ्या टप्प्याचा 'पुनर्विचार' झाला. आमच्याकडे पुनर्विचार झालेली गोष्ट सहसा परत येत नाही. करंज राहिले. त्यांच्याखाली बाक आले आणि बाकांचं उद्घाटन कुलसचिवांनी केलं, सावलीत उभं राहून. भाषण छोटं झालं. सोनेरी चौकट अजून त्यांच्या दालनात आहे. आता तिच्यात कुलगुरूंचा हातात ताकाचा पेला घेतलेला फोटो आहे.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम प्रयोगशाळेत डोकावले. यंत्रं टेबलावर ओळीने, कपाळी नुसतं कुंकवाचं बोट. हार नाहीत. मामाही नाहीत. ते मला बसथांब्यापाशी सापडले. झेंडूचा लांबलचक हार करंजाच्या बुंध्याला गुंडाळत होते, शेजारी पाण्याची बादली.

मी बाईंना फोन लावला. मागे कोणीतरी "काकू, जरा पाय घ्या" म्हणत होतं, म्हणजे बाई जिन्यात बसल्या होत्या.

"बाई, मामांनी या वर्षीही हार घातलेत."

"कुठे?" त्यांचा आवाज चढला.

"करंजांना."

आवाज लगेच उतरला. "पाणी?"

"बादलीभर आणलंय."

"मग त्यांना म्हणावं, सगळं ओता," बाई म्हणाल्या. "मुळाशी."